वर्गणीदारांची वही कुणाकडे?

पैठणहून शेवगावमार्गे कुकाण्याच्या बाजूला निघालं की तरवडी लागतं. तालुका नेवासा. गाडीवर तास-दीड तासाचा रस्ता. आपल्याकडची बरीच मंडळी शनिशिंगणापूरला जाताना त्या भागातून जातात, पण तरवडीला कुणी थांबत नाही. थांबायला हवं. या खेड्यातून कित्येक वर्षं एक साप्ताहिक निघत होतं, आणि ते शहरातून छापून आणलेलं नव्हतं. यंत्र गावात, संपादक गावात, टपालाची थैलीही गावातूनच निघायची. साप्ताहिकाचं नाव 'दीनमित्र', संपादक मुकुंदराव पाटील.

आज हे काढायला निमित्त आहे. आपलं शुक्रवारचं ई-मेल पत्र या महिन्यापासून नव्या ठिकाणाहून यायला लागलंय. आतापर्यंत ते एका परदेशी कंपनीच्या पैसे भरून घेतलेल्या सेवेवरून जायचं. आता सर्व्हर आपण भाड्यानं घेतलाय, सॉफ्टवेअर आपणच त्यावर बसवलंय आणि पत्र तिथून निघतं. यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "भाऊ, चालती गाडी कशाला सोडली?" एका काकांनी तर सुनावलंच, पत्रकारानं बातम्या द्याव्यात, कॉम्प्युटरचे नट-बोल्ट आवळत बसू नये.

काकांना उत्तर दोन ओळींतही देता आलं असतं. पण हा प्रश्न माझा एकट्याचा नाही. मराठी छपाई सुरू झाली तेव्हापासून तो आहे. दुसऱ्याच्या यंत्रावर किती दिवस छापायचं? म्हणून जरा लांबण लावतो. चहा घेऊन बसा.

मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन मिशनचा छापखाना होता. धर्मप्रसाराची पुस्तकं मराठीत छापायचं काम तिथं चालायचं. ते काम पाहून गणपत कृष्णाजी नावाच्या माणसाला वाटलं, हे आपल्यालाही जमेल. त्यांनी स्वतः खटपट करून यंत्र उभं केलं, शाई बनवून पाहिली, छपाईचा दगड मिळवला आणि १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापून काढलं. पुढे अक्षरांचे खिळेही स्वतः पाडले. छापलेलं पंचांग घरात ठेवायला तेव्हा लोक बिचकत होते म्हणतात. आज पैठणमध्ये छापलेल्या पंचांगाशिवाय एक मुहूर्त निघत नाही.

त्याच मिशनच्या छापखान्यात पुढे जावजी दादाजी नावाचं पोर खिळे घासायला लागलं. पगार महिना दोन रुपये. या पोरानं १८६४ मध्ये स्वतःचा खिळे पाडायचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये 'निर्णयसागर' छापखाना. संस्कृत पोथ्यांची शुद्ध छपाई म्हटलं की पुढची कित्येक दशकं देशभर निर्णयसागरचं नाव घेतलं जायचं. नाथवंशजांच्या, कीर्तनकारांच्या घरातल्या जुन्या कपाटात हात घातला तर निर्णयसागरची एखादी प्रत आजही हाताला लागेल.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मिशनचा छापखाना वाईट होता म्हणून हे दोघं बाहेर पडले असं नाही. जावजी तर तिथंच शिकले. पण दुसऱ्याच्या छापखान्यात काय छापायचं ते दुसराच ठरवतो. पंचांग छापायचं असेल तर मिशनच्या दारात उभं राहून चालणार नव्हतं.

पुण्याकडे येऊ. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ ची. मुंबईतले रामय्या व्यंकय्या अय्यावारू या तेलुगू गृहस्थांनी समाजाला छापखाना भेट दिला, ही त्या काळातली फार मोठी देणगी होती. १ जानेवारी १८७७ ला कृष्णराव भालेकरांनी पुण्यातून 'दीनबंधू' सुरू केलं. पैशाअभावी ते थांबलं, तेव्हा १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईला नेऊन पुन्हा चालवलं. आता इथं गंमत बघा. जोतीराव फुल्यांचं 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चं. त्याचे सुरुवातीचे भाग 'दीनबंधू'त आले, पण पुढचे छापायला संपादक धजावले नाहीत. पत्र आपल्याच विचाराचं, संपादक आपलाच सहकारी, तरी हात आखडला. ते पुस्तक पूर्ण रूपात जोतीरावांच्या हयातीत छापून आलं नाही. आज शेतकऱ्यावर भाषण करणारा प्रत्येक जण ज्या पुस्तकाचं नाव घेतो, त्या पुस्तकाची ही कथा आहे.

त्याच सुमारास पुण्यात दुसऱ्या बाजूला विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतली नोकरी सोडून बाहेर पडले. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा'. वर्तमानपत्राच्या आधी त्यांनी छापखान्याची तजवीज केली, तो आर्यभूषण छापखाना. खिळ्यांच्या पेट्या आपण स्वतःच्या खांद्यावरून वाहून नेल्या होत्या, असं टिळक पुढे अभिमानानं सांगायचे. दीडेक वर्षात कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना शिक्षा झाली, दोघं डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. शास्त्रीबुवा तर १८८२ च्या मार्चमध्ये गेलेच. दहाएक वर्षांनी मंडळी फुटली तेव्हा 'केसरी' आणि 'मराठा' टिळकांकडे आले, डोक्यावरच्या कर्जासकट.

मराठी वृत्तपत्राच्या इतिहासात कर्ज हा शब्द काढून टाकला तर पानं अर्धी होतील. ते एक असो.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढलं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. नव्या पाक्षिकाची जाहिरात 'केसरी'कडे पाठवली, पैसे भरून छापा म्हटलं, तरी ती छापली गेली नाही, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. फुकट नव्हे, रोख पैसे देऊन. १९२७ च्या एप्रिलमध्ये 'बहिष्कृत भारत' निघालं तेव्हा रकानेच्या रकाने ते एकटे लिहीत होते. आपला छापखाना हवा म्हणून त्यांनी लोकांकडे निधी मागितला, आणि गरिबांच्या आण्या-आण्यांतून भारत भूषण छापखाना उभा राहिला. पुढे त्याचंच नाव बुद्धभूषण झालं. जून २०१६ मध्ये दादरचं आंबेडकर भवन पाडलं गेलं तेव्हा बातम्यांत हे नाव परत आलं होतं, तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. तेव्हा कुणी म्हटलं असेल, जुनं यंत्र, त्यात काय एवढं. ज्यांच्या आजोबांनी त्यासाठी आणा दिला होता त्यांना विचारा.

आता परत तरवडी.

मुकुंदराव पाटील हे 'दीनबंधू'वाल्या कृष्णराव भालेकरांचेच चिरंजीव. दत्तक गेले ते गणपतराव पाटलांच्या घरात. 'दीनमित्र' हे नाव मूळचं गणपतरावांच्या १८८८ च्या मासिकाचं. मुकुंदरावांनी १९१० च्या नोव्हेंबरात त्याच नावानं साप्ताहिक सुरू केलं. पहिल्यांदा सोमठाण्याहून, नंतर तरवडीहून. १९६७ मध्ये ते वारले तोवर 'दीनमित्र' आणि ते वेगळे करता येत नव्हते. आमच्या डिप्लोमाच्या वर्गात 'दर्पण' आणि 'केसरी' यांवर दोन-दोन तास झाले होते, 'दीनमित्र'ला एक ओळ आली होती. मी ते नीट वाचलं ते फार उशिरा.

साल नीट बघा, १९१०. त्याच वर्षी इंग्रज सरकारनं नवा प्रेस कायदा आणला होता. नवा छापखाना काढायचा तर मॅजिस्ट्रेटकडे पाचशे ते दोन हजार रुपये जामीन ठेवायचा. मजकूर सरकारला खटकला की जामीन जप्त. परत सुरू करायचं तर हजार ते दहा हजार. टपालात टाकलेले अंक अडवून ठेवायचे अधिकारही त्याच कायद्यात होते. शिवराम महादेव परांजप्यांचं 'काळ' या कायद्याच्या जामिनापायी बंद पडलं. पुण्यासारख्या ठिकाणी, एवढ्या गाजलेल्या पत्राची ही गत. आणि त्याच वर्षी नगर जिल्ह्यातल्या खेड्यात बसून एक माणूस साप्ताहिक काढायचं म्हणतो. याला धाडस म्हणा नाहीतर हट्ट.

खेड्यात छापखाना चालवणं म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. प्रत्येक अक्षराचा शिशाचा खिळा. देवनागरीत काना, मात्रा, जोडाक्षरं धरून त्यांचे शेकडो प्रकार, शेकडो खण. जुळारी एकेक खिळा उलटा उचलून ओळ जुळवणार, पान बांधणार, एक कच्ची प्रत काढून चुका पाहणार, मग छपाई. काम झालं की तेच खिळे परत धुऊन आपापल्या खणात. कागद बाहेरून येणार, शाई बाहेरून येणार. पावसाळ्यात गाडीवाट चिखलात बुडाली की अंकही बुडाला. आणि एवढं करून संपलं नाही. घड्या घालायच्या, पट्ट्या चिकटवायच्या, प्रत्येक पट्टीवर वर्गणीदाराचं नाव-गाव हातानं लिहायचं.

ही नावं येत वर्गणीदारांच्या वहीतून. कोण कुठला, वर्गणी कधी संपते, कुणाची थकली, कुणाला व्ही.पी. पाठवायची. छापखान्यांच्या इतिहासात या वहीचं नाव कुठं येत नाही. मला ती यंत्राइतकीच मोठी वाटते. यंत्र जप्त झालं तर दुसरीकडे छापता येतं. वही गेली तर कुणासाठी छापायचं?

याचा पुरावा आपल्या मराठवाड्यातच आहे. तेव्हा पैठण निजामाच्या राज्यात, नदी ओलांडून शेवगावकडे गेलं की इंग्रजांचा मुलूख. इंग्रजी मुलखातच पत्रकाराचे हाल होते, निजामी मुलखात तर सभा घ्यायलाही परवानगी लागायची. गश्ती निशाण ५३ हे शब्द आपल्या आजोबांच्या पिढीला पाठ होते. या राज्यातल्या मराठी माणसासाठी आ. कृ. वाघमारे यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'मराठवाडा' साप्ताहिक काढलं. सरकारनं बंदी घातली. त्यांनी नाव बदलून पत्र काढलं. त्या नावावरही बंदी आली, की आणखी नवं नाव. मथळा बदलायचा, पत्र तेच, वाचक तेच. स्वातंत्र्यानंतर हेच 'मराठवाडा' औरंगाबादेतून अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली निघत राहिलं. माझ्या पिढीतले इथले पत्रकार त्या दैनिकाचे अग्रलेख वाचत मोठे झाले.

निजामाला एवढं सोपं गणित का सुटलं नाही? कारण तो मथळ्यावर बंदी घालत होता. मथळा पत्राचा असतो, वाचक कोण आणि कुठं आहेत हे वाघमाऱ्यांना माहीत होतं, निजामाला नव्हतं.

आपल्या पैठणचा एक जुना दाखला इथं द्यायचा मोह होतो. नाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, ती कशी करता आली? ज्ञानेश्वरी कुणा एकाच्या कपाटात कुलूपबंद नव्हती म्हणून. गावोगावी नकला होत्या. नकलांत चुका शिरल्या हे खरं, पण पोथी कुणाच्याही हातात पडू शकत होती म्हणूनच ती दुरुस्तही करता आली. आजचे सॉफ्टवेअरवाले ज्याला ओपन सोर्स म्हणतात ते याहून फार वेगळं नाही, असं मी म्हटलं तर आमचा इंजिनिअर भाचा हसतो. हसू दे.

आता आपल्या काळाकडे येतो. ई-मेल ही चीज मुळात टपालासारखी आहे. १९८२ मध्ये तिचे जे नियम ठरले ते सगळ्यांसाठी उघडे होते, त्यामुळे जीमेलवाला याहूवाल्याला पत्र पाठवू शकतो. व्हॉट्सॲपवरून तसं दुसऱ्या कंपनीच्या ॲपवर पाठवून बघा! भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ पासून. पुढे एकाच वेळी हजारो लोकांना पत्र पाठवायची सेवा देणाऱ्या कंपन्या आल्या. मेलचिंप त्यातली जुनी, २००१ ची. त्यांनी काम खरंच सोपं केलं, हे कबूल करायला हवं. ज्याला सर्व्हर म्हणजे काय माहीत नाही असा माणूसही दहा मिनिटांत पत्र काढू शकला. मीही त्यातलाच.

पण सोय ही भाड्याची खोली असते. मेलचिंप २०२१ मध्ये इंट्यूट नावाच्या कंपनीनं सुमारे बारा अब्ज डॉलरला घेतली. फुकटच्या योजनेत आधी दोन हजार नावं ठेवता यायची, २०२३ मध्ये ती पाचशेवर आणली. टायनीलेटर नावाची साधी, छोट्या लेखकांची आवडती सेवा त्याच कंपनीकडे होती, ती फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी बंद केली. ट्विटरनं रिव्ह्यू नावाची पत्रसेवा विकत घेतली होती, ती जानेवारी २०२३ मध्ये गुंडाळली. सबस्टॅक वर्गणीतले दहा टक्के ठेवून घेतं. तिथल्या काही मजकुरावरून वाद झाला तेव्हा केसी न्यूटन या अमेरिकी पत्रकारानं आपलं 'प्लॅटफॉर्मर' हे पत्र जानेवारी २०२४ मध्ये उचललं आणि घोस्ट या खुल्या सॉफ्टवेअरवर नेलं. त्याला नेता आलं, कारण वाचकांची यादी उतरवून घ्यायची सोय तिथं होती. दुकान बदललं, गिऱ्हाईक बरोबर गेलं. फेसबुकवर तुमचे पाच हजार फॉलोअर असतील, त्यातल्या एकाचाही पत्ता तुमच्याकडे नसतो. ही पोस्टसुद्धा कुणाला दिसेल ते मी ठरवत नाही, हे लिहितानाही मला माहीत आहे.

आपलं काय झालं ते सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही. आपली यादी तेराशेच्या वर गेली. सेवेचा दर नावांच्या संख्येवर, तोही डॉलरमध्ये. महिन्याला बावीसशे रुपयांच्या आसपास बिल जायला लागलं. त्यात रिझर्व्ह बँकेचे ऑक्टोबर २०२१ पासूनचे नियम, कार्डावरून परस्पर पैसे कापायला आधी मंजुरी लागते, ती कधी लागायची कधी अडायची. तेही सोसलं असतं. पण गेल्या पावसाळ्यात, नाथसागराचे दरवाजे उघडायच्या आदल्या रात्री, विसर्गाची बातमी असलेलं पत्र पाठवायला गेलो आणि खातं थांबवलेलं. 'संशयास्पद हालचाल', तपासणी सुरू. एका रात्रीत नेहमीपेक्षा जास्त पत्रं पाठवायला निघालो, एवढीच हालचाल. फोन करायला नंबर नाही, इंग्रजी अर्ज भरायचा आणि वाट बघायची. एक्केचाळीस तास.

तुम्ही म्हणाल, पैठणमध्ये पुराची बातमी ई-मेलवर कोण वाचतं? बरोबर आहे. नदीकाठच्या घरात ई-मेल उघडत नाही कुणी. पण त्या घरातलं पोरगं पुण्यात कंपनीत आहे, लेक वाळूजला आहे, कुणी दुबईत आहे. ते वाचतात आणि घरी फोन करतात, "आई, आज रात्री सामान वरती ठेव." आपल्या पत्राचं काम असं चालतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये पैठणमध्ये पाणी कसं शिरलं होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना एक्केचाळीस तास म्हणजे किती हे सांगायची गरज नाही. त्या रात्री व्हॉट्सॲपवर, फोनवर, जमेल तसं कळवलं. यादी मी दर महिन्याला उतरवून ठेवतो, पण मधल्या तीन आठवड्यांत आलेली नावं त्या बंद खात्यातच होती. आपली वही दुसऱ्याच्या कपाटात, आणि चावी अमेरिकेत.

म्हणून बदललं.

नवं सॉफ्टवेअर लिस्टमंक नावाचं. बंगळुरूच्या झिरोधा या शेअर दलाली कंपनीतले कैलाश नाध यांनी ते तयार करून २०१९ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यांना स्वतःच्या लाखो ग्राहकांना मेल पाठवायचे होते, बाजारातलं काही पुरेना, म्हणून आपलं बनवलं. गणपत कृष्णाजींचीच जात ही. कुणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, बदलावं. आपल्याकडे इंजिनिअरिंगला असलेल्या एका पोरानं दोन रविवार बसून ते सर्व्हरवर चढवलं. सर्व्हरचं भाडं महिना पाचशे रुपये.

आता नाण्याची दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही उद्या सगळे सर्व्हर घ्यायला निघाल. छापखाना आपला झाला तरी टपालखातं आपलं होत नाही. मुकुंदरावांचंही नव्हतं. तुमच्या सर्व्हरवरून निघालेलं पत्र जीमेलच्या दारात जातं, आणि तिथला पहारेकरी विचारतो, तू कोण? आधी कधी आलास का? नवा सर्व्हर म्हणजे अनोळखी माणूस, त्याला सरळ स्पॅममध्ये बसवतात. बऱ्याच सर्व्हर कंपन्या तर मेल बाहेर जायची वाटच बंद ठेवतात, कारण भुरट्यांनी ती वापरून ठेवलीय. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं नियम आणखी कडक केले. पत्रावर पाठवणाऱ्याची डिजिटल सही हवी, कोणत्या सर्व्हरला या नावानं पाठवायचा अधिकार आहे ते जाहीर हवं, सही जुळली नाही तर काय करायचं तेही आधीच लिहून ठेवायला हवं. जीमेलवर दिवसाला पाच हजारांच्या वर पाठवणाऱ्यांना हे सगळं सक्तीचं, वर एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय हवी, आणि हजारात तिघांनी 'स्पॅम' म्हणून तक्रार केली की दार बंद व्हायची वेळ आली. आपण पाच हजारांत बसत नाही, पण सह्या-शिक्के सगळे करून घेतले.

पोचवायचं काम मात्र आपण स्वतः करत नाही. यादी आपल्याकडे, मजकूर आपल्याकडे, फक्त पत्र वाहून न्यायला ॲमेझॉनची सेवा घेतली. हजार मेलला दहा सेंट. महिन्याला चार पत्रं म्हटलं तर पन्नास रुपयेही होत नाहीत. इथं काही जण नाक मुरडतील, की हे कसलं स्वातंत्र्य, शेवटी अमेरिकन कंपनीच आली. खरंय. पण फरक आहे. उद्या या हमालानं नाही म्हटलं तर दुसरा हमाल गाठता येतो, संध्याकाळपर्यंत. वही आपल्या कपाटात आहे.

वही आपल्याकडे आली म्हणजे जबाबदारीही आली, हे खरं ओझं. आता रोज रात्री यादीची नक्कल निघते आणि दुसऱ्या ठिकाणी जाऊन बसते. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की चढवावी लागते. सर्व्हर रात्री बंद पडला तर उठायचं आपणच. महिन्यातले चार-पाच तास त्यात जातात, बिल वाचलं म्हणून ते तास फुकट धरू नका. तेराशे लोकांचे पत्ते कुणाच्या हाती पडू न देणं हेही आलं. २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा झाल्यापासून तर ते नुसतं सौजन्य राहिलेलं नाही. आणखी एक केलंय. जुन्या सेवेत पत्रात न दिसणारं एक चित्र दडवलेलं असायचं, कुणी पत्र कधी उघडलं ते त्यातून कळायचं. नव्या ठिकाणी ते बंद ठेवलंय. तुम्ही पत्र उघडलंत की नाही हे मला कळणार नाही. उत्तर पाठवलंत तर कळेल.

प्रत्येक छोट्या पत्रकारानं हेच करावं असं माझं म्हणणं नाही. ज्याची यादी शंभर-दोनशेची आहे त्यानं फुकटची सेवा खुशाल वापरावी. एवढं मात्र नक्की करावं, दर आठवड्याला यादी उतरवून आपल्याकडे ठेवावी आणि पत्राचा पत्ता स्वतःच्या नावाचा घ्यावा. वर्षाला हजारभर रुपये जातात. पत्ता स्वतःचा असला की मागचं यंत्र कधीही बदलता येतं, वाचकाला कळतही नाही. वाघमाऱ्यांना दर वेळी नवा मथळा शोधावा लागला, आपल्याला तेवढंही करावं लागत नाही.

तरवडीला मुकुंदरावांचं स्मारक आहे. त्यांच्या नावानं तिथं दरवर्षी साहित्य पुरस्कारही देतात. कुणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा, दिवाळीनंतर एखाद्या रविवारी दोन गाड्या काढू.

आणि शुक्रवारचं पत्र सकाळी आठला निघतं. दहापर्यंत दिसलं नाही तर आधी स्पॅममध्ये बघा, तिथं असेल तर 'स्पॅम नाही' असं दाबा आणि पत्ता सेव्ह करा. तिथंही नसेल तर मला फोन करा. नंबर जुनाच आहे.